तुतीच्या सात कांड्या

गुरुवार, १७ एप्रिल २०२५. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच वेळी शेजारच्या पुष्पाबाईंनी माझ्या ओट्यावर उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं — "संध्याबाई, तुम्ही तर शिकलेल्या. माझ्या नातीला काय चारलं?"

नात म्हणजे अर्पिता. सात वर्षांची. तासाभरापूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तुतीची बर्फाची कांडी चोखत होती. आता उलट्या थांबत नाहीत, तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. आधी इथल्या आष्टीच्या दवाखान्यात नेलं. तिथून लगेच जालन्याला.

गल्लीतून गाडी निघताना मीही बसायला गेले होते. पुष्पाबाईंनी हात आडवा धरला. तीस वर्षांचा शेजार.

मागून गल्लीतली एक म्हणाली, "मी तर आधीच म्हणल्तं, त्यांच्या घरचं नगं." त्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते मला समजावून सांगायला नको. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं मी कांड्या करते; त्या खाताना कोणाला माझी जात आठवली नव्हती.

शुक्रवार, १८ एप्रिल

गुड फ्रायडे. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर या दिवशी दिवसभर बोलू देत नसत. इथे गल्लीनेच माझ्याशी बोलणं टाकलं आहे, सोय झाली.

कार्यालयं बंद. उद्या-परवाही बंद. पोलीस ठाणं उघडं असतं, पण कागद पक्का झाल्याशिवाय तिथे जायचं नाही. तक्रार करायची तर सोमवार. तोवर काय घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. तहसीलमध्ये बावीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, कागद कसा असावा हे कळतं.

तुती भागवतच्या. त्याचं रेशमाचं शेत माझ्या मागच्या भिंतीला लागून. अळ्यांना पाला हवा म्हणून तो झाडं सारखी छाटतो, त्यामुळे फळ धरत नाही. फक्त कडेची एक ओळ सोडून देतो. तिला एप्रिलात काळीभोर फळं येतात. "बाई, लेकरासाठी न्या," असं त्यानेच सांगून ठेवलं आहे.

बुधवारी सकाळी तोडल्या. कात्रीने देठ कापले, दोनदा धुतल्या, साखर-लिंबू-काळं मीठ घालून पळीने ठेचल्या. गाळल्या नाहीत, गाळल्या की चव जाते. स्टीलच्या छोट्या पेल्यांत ओतून, वर कागद बांधून, मधोमध काडी खोचून फ्रीजरमध्ये ठेवल्या. सात कांड्या. गुरुवारी तीन वाजता सात मुलांनी खाल्ल्या. सहा जणं आज गल्लीत क्रिकेट खेळत आहेत.

म्हणजे कांडीत काही नव्हतं.

मग अर्पितानेच वेगळं काय खाल्लं? आता पुढचं लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. गुरुवारी दुपारी दोन वाजता ती आणि मी पुन्हा शेतात गेलो, दुसऱ्या दिवसाच्या कांड्यांसाठी. ती तोडता तोडता खात होती. न धुता, ओंजळीने. तिने विचारलं होतं — "आजी, अशाच खाऊ?"

"खा. तुतीला कधी फवारणी नसते, अळी मरते."

असं मी म्हणाले. वास आला होता. बारीक, कडवट. बांधापलीकडे शिवाजीची मोसंबीची बाग आहे, तिकडचा असेल म्हणून मी सोडून दिला.

बुधवार सकाळ ते गुरुवार दुपार. या वेळात कोणीतरी काहीतरी फवारलं आणि ते वाऱ्याने तुतीवर आलं.

शनिवार, १९ एप्रिल

सकाळी भागवत आला. ओट्यावरच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. "बाई, माझ्या अळ्या तिसऱ्यांदा कात टाकायला आल्यात. मी फवारून मरंन का? शिवाजीनंच मारलं असंल. त्याला कधी सांगायची सवयच न्हाई. तुम्ही लिहा, मी साक्षीला सही देतो."

दोघांत बांधावरून तीन वर्षं अबोला आहे, हे मला माहीत आहे. तरी सही घेतली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवसांत पहिल्यांदा कोणी माझ्या बाजूला येऊन बसलं होतं.

मग शिवाजीकडे गेले. खाटेवर पडला होता, उठून बसला. मी सरळ विचारलं.

"बाई, बाग ताणावर हाय," म्हणाला. "पाणी तोडून राह्यलोय बहारासाठी. ताणाच्या बागेला कोण फवारतं? पानं वाळून चाललीत, चला दाखवतो."

"मला पानं नकोत. लेखी दे."

"कशाचं लेखी? जे केलंच न्हाई त्याचं?" मग बायकोकडे बघून, "हापिसातून रिटायर झाल्या, पण हापिस काही बाईतून रिटायर झालं न्हाई."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, "हसू नकोस. जालन्यात एक पोर नळ्या लावून पडली आहे."

हसणं थांबलं. पण लेखी काही दिलं नाही. सोमवारी पाच वाजेपर्यंत मुदत देऊन आले.

रविवार, २० एप्रिल

अर्पिताला रात्री श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

तोच दिवस, दुपार

पुष्पाबाईंच्या सुनेचा, अर्पिताच्या आईचा फोन आला. मला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "आजी, डॉक्टर विचारून राह्यलेत, औषध कोणतं होतं? नाव कळलं तर बराबर उपचार करता येईल म्हणतात. एकापेक्षा जास्त मिसळलेलं असंल तर तेही. अंदाजावर चाललंय सगळं." मग रडायला लागली. "तुम्हाला काही माहीत असंल तर सांगा ना."

मला काही माहीत नाही, हे मी तिला सांगितलं. चौसष्ट वर्षांत एवढं जड वाक्य बोलले नव्हते.

शिवाजीच्या दारात पुन्हा गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, सासरवाडीला गेले, कुंभार पिंपळगावला. माझ्या मते पळून गेला.

सोमवार, २१ एप्रिल. सकाळचे आठ

अर्ज तयार. कृषी कार्यालयासाठी एक, पोलिसांसाठी एक. पण नुसत्या संशयावर कोण हलतं? पुरावा हवा. रात्री सुचलं — फवारा तुतीवर आला असेल तर तोच पाला खाऊन भागवतच्या अळ्या मेल्या असणार. मेलेल्या अळ्या बाटलीत भरून दिल्या तर त्या तपासून औषधाचं नावही कळेल. हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही? जाऊन घेऊन येते.

सोमवार. साडेअकरा

भागवत घरी नव्हता. त्याची बायको दैवशाला शेडमध्ये चुना मारत होती. सगळे रॅक रिकामे, धुतलेले.

मी म्हटलं, "मेलेल्या अळ्या कुठे टाकल्या?"

"कोन्त्या अळ्या, बाई? आमची बॅच तर पाडव्यालाच निघाली. कोष विकून झाले."

"मग आता शेडला?"

"रिकामंच हाय. बॅच नसती तेव्हाच तर झाडाला औषध मारून घेतात, किडीसाठी. ह्यांनी बुधवारी संध्याकाळी मारलं. पंधरा दिवस पाला तोडायचा न्हाई म्हणले." आणि मग माझ्या तोंडाकडे बघून तिच्या हातातला ब्रश थांबला. "बाई… तुम्हाला सांगितलं न्हाई का ह्यांनी? मी म्हणल्तं, बाईला सांगा, त्या फळं नेतात. सकाळी सांगतो म्हणले."

कुठल्या औषधाची बाटली होती, तिला माहीत नाही. बाटली शुक्रवारीच भागवतने कुठेतरी नेऊन टाकली. शुक्रवारी. म्हणजे शनिवारी माझ्या ओट्यावर बसून सही करताना त्याला सगळं माहीत होतं. फोन बंद आहे.

सोमवार. बारा वाजून पाच मिनिटे

शिवाजीविरुद्धचे दोन्ही अर्ज फाडले. त्याच्या दारात माफीची चिठ्ठी सरकवून आले. नवा कागद दैवशालाच्या हातात दिला, वाचूनही दाखवला. ही त्याची नक्कल —

भागवत, अर्पिताला फळं खा म्हणून मी सांगितलं, हे पोलिसांना देणाऱ्या अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं आहे, माझ्या सहीनिशी. दुसरी ओळ तुझी आहे, ती मी कोरी सोडली आहे. बुधवारी काय मारलंस, त्यात आणखी काय मिसळलं होतंस, बाटली कुठे आहे — तुझ्या हाताने लिहून आण. पोर अजून जिवंत आहे. जालन्याची गाडी दीड वाजता निघते. लेखी उत्तर एकच्या आत.