खोली दोघांनी आवरावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पंप तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रशासन विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी स्वतः टाइप करत आहे. मला दिसते, ऐकू येते, आणि मी कोणाला काय देते आहे ते कळते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. सांगणारा एकच होता. त्याचे ऐकलेले नाही, ते पुढे येईल.

१. माझ्यामागे दोघे आहेत. एक माझा मुलगा. तो दुसऱ्या शहरात असतो, त्याचे स्वतःचे घर आहे. दुसरी, माझ्या दिवंगत पतींची पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी. मी लग्न करून आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ती मला मावशी म्हणते. यापुढे या कागदात तिचा उल्लेख ‘मुलगी’ असा केला आहे.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी, माझ्या पगारातून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी मुलीला देते. पूर्ण आणि कायमचे. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून ती इथेच राहते, इथूनच कामाला जाते. तिला दुसरी जागा नाही.

कंपनीत माझ्याकडे पिण्याचे पाणी, किल्ल्या, कागद, खुर्च्या आणि कोणी कुठे बसायचे, एवढे होते. जागेवरून भांडणे होत. कोणी हुद्दा सांगे, कोणी नोकरीची वर्षे. मी एवढेच विचारत असे, उद्या सकाळी इथे कोण येऊन बसणार आहे? जागा त्याची. घराला मी वेगळा नियम लावलेला नाही.

३. मुलाला हे पटलेले नाही. फोनवर आमचे जे बोलणे झाले ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कोणी वेगळे सांगायला नको.

“आई, घर विकून टाकू. ताईला तिचा वाटा देऊ. घेईल ती कुठेतरी भाड्याने खोली.”

“या वयात?”

“तू तिला कधी आवडली नाहीस. लहानपणापासून बघतोय मी.”

“मलाही दिसत होतं.”

“मग?”

“मग काय? आवडून घ्यायला मी तिला पगार देत नव्हते.”

तो हसला. मग म्हणाला, “तू ऑफिसातच बरी होतीस.”

बँकेतील ठेवी व दागिने मुलाला द्यावेत. त्याने घरासाठी कोर्टात जाऊ नये. घराचे सगळे कागद क्रमाने लावलेले आहेत, आणि लावणारी कोण आहे हे त्याला माहीत आहे.

४. स्टेपलर व पंच मशीन कंपनीची नाहीत, माझी आहेत. पावती सोबत ठेवली आहे. ज्याला हवे त्याने न्यावे.

५. आता खोलीविषयी. हे जरा सविस्तर लिहावे लागेल.

कोणी नोकरी सोडली किंवा कोणी वारले, की त्याचे टेबल प्रशासन विभाग रिकामे करतो. घरी पाठवायचे ते खोक्यात, कंपनीचे ते कपाटात, उरलेले पोत्यात. माझ्या आधी या जागेवर ज्या बाई होत्या त्या हे काम एकट्या करत; मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होते. एक हिशेबनीस वारला. त्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक बायकी स्वेटर निघाला. बाईंनी तो घरी नेऊन धुतला, नीट घडी घातली आणि खोक्यात सगळ्यांत वर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. स्वेटर टेबलावर ठेवून म्हणाली, “हा आमचा नाही.” आम्ही पाणी दिले, ते न घेता गेली.

बाई मला म्हणाल्या, “एकट्या माणसाला शंका येत नाही गं.”

तेव्हापासून दोघे. एक, गेलेल्यावर जीव असलेला. एक, नसलेला. जीव असतो त्याला काही टाकवत नाही. नसतो त्याला काही ठेवावेसे वाटत नाही. दोघे एकाच ड्रॉवरपाशी बसले की खोके बरोबर भरते. मी निवृत्त होईपर्यंत ही पद्धत चालवली.

६. ही पद्धत एकदा मोडली. पती गेले तेव्हा मी रजेवर होते. त्या दिवसांत नव्या साहेबांनी माझी जागा बदलायची ठरवली आणि एकाच माणसाकडून माझे टेबल रिकामे करून घेतले. परत आले तर टेबल पुसून लख्ख. कंगवा, चष्म्याचे घर, ऑफिसातली चप्पल, पतींच्या औषधांच्या वेळा लिहिलेला पुठ्ठा, सगळे पोत्यात गेले होते.

“जुनंच होतं ना सगळं?” साहेब म्हणाले.

मी हो म्हटले.

या साहेबांना माझ्या मरणाचे कळवू नये. त्यांना कळलेच आणि ते आलेच, तर बसायला खुर्ची द्यावी.

७. माझी खोली, कपाट आणि पलंगाखालची पेटी मुलगा व मुलगी या दोघांनी मिळून आवरावी. मुलाचा माझ्यावर जीव आहे. मुलीचा नाही. एकाच दिवशी बसावे. एकमेकांशी बोलण्याची सक्ती नाही.

येथून पुढचे हाताने लिहिले आहे.

८. आवरणाऱ्याला आधी विचारायचे, अशीही पद्धत होती. आवरायला येतो, असे मुलगा फोनवर म्हणाला. मुलीला काल संध्याकाळी हे कागद दिले. ती नुकतीच कामावरून आली होती. पर्स खांद्यालाच, उभ्यानेच वाचले.

“मला घर नको,” म्हणाली.

“का?”

“सातवं कलम.”

“त्यात काय चुकलं?”

“मला विचारलंत?”

तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

“मावशी म्हणाले, आई म्हणाले नाही. तेवढ्यावरून तुम्ही परस्पर ठरवून मोकळ्या झालात. वर टाइपही केलंत. तो वाचणार, वकील वाचणार. या ओळीसकट घर घेऊ मी? त्यापेक्षा भाड्याची खोली बरी.”

“अगं, पण आवरायला जीव नसलेलं कोणीतरी लागतं. कोणाला बोलवू?”

“तुमच्या त्या साहेबांना बोलवा.”

मला हसू आले. तिला आले नाही. आत गेली, पर्स ठेवली, तोंड धुतले आणि परत येऊन समोर बसली.

तरी सातव्या कलमातील ‘मुलीचा नाही’ हे शब्द मी रद्द करत आहे. त्यांच्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही. काय लिहावे हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. खोली त्या दोघांनीच आवरावी. खोके मोठे झाले तर होऊ द्यावे. बाकी कलमे आहेत तशीच आहेत. घर घेण्यास मुलीने होकार दिला आहे.

रद्द शब्दांवर एकच रेघ आहे, खालचे वाचता येते. खाडाखोड माझी असून मला मान्य आहे. पट्टी तिने धरली, रेघ मी मारली.

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : १० मार्च, मंगळवार

(सही) मृत्युपत्र करणारी

त्यांनी आमच्या देखत सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही. खोडलेले शब्द सहीच्या आधीच खोडलेले होते.

(सही) साक्षीदार, तळमजल्यावरचे डॉक्टर
(सही) साक्षीदार, कंपनीचे निवृत्त ड्रायव्हर