चार नंबरच्या मशीनचे कागद

कागद पुन्हा वर वळला, सर. दोन्ही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आहेत आणि तळहातानं दाबून लिहिते आहे. तुमच्या गठ्ठ्यातला हा पहिला कागद. वीसेक वर्षं कपाटात पडून होता, पण टाइपरायटरच्या रोलरचा बाक गेला नाही.

आज रविवार. आतल्या खोलीत माझी मुलगी दार लावून बसली आहे. बारावीत भौतिकशास्त्रात दुसऱ्यांदा राहिली. परत बसायचा फॉर्म उद्या दुपारपर्यंत कॉलेजात द्यायचा आहे, आणि ती म्हणते, मी भरणार नाही. सकाळी मी तिला बोलू नये ते बोलले. तुझ्याएवढी असताना मी तीनदा नापास झाले होते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग? मी काय करू?" म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

घाटंजीच्या बाजारओळीत, बियाण्याच्या दुकानावर तुमचा टायपिंगचा क्लास होता. बारा मशीन. कापसानं लागोपाठ दगा दिला तशी खेड्यापाड्यांतली पोरं तुमचा जिना चढू लागली. शेतात काही उरलं नाही, निदान बोटांत काही येईल, असं घरोघर बोललं जायचं. पुढं तीही एकेक करून गळाली. कोणी पुण्याला कंपनीत गेलं, कोणाचं लग्न लागलं. मी सायकल हाणत येत राहिले. खिडकीजवळची चार नंबरची मशीन माझी. परीक्षा यवतमाळला असायची आणि मशीन ज्याची त्यानं न्यायची. पहिल्या वेळी माझा वेग कमी पडला. दुसऱ्या वेळी मशीन एसटीच्या टपावर टाकली, खड्ड्यांनी तिचा गाडा ओढणारी दोरी तुटली, आणि मी पूर्ण वेळ हलत नसलेल्या मशीनपुढं बसून राहिले. तिसऱ्या वेळी तुम्ही स्वतः आलात. मशीन गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलीत.

कंडक्टर म्हणतो, "मास्तर, ते टपावर टाका. इथं माणसाले जागा नाही."

तुम्ही म्हणता, "टपावर मी बसतो. हे इथंच बसन."

"लेकरू हाये का ते, मांडीवर घ्याले?"

"लेकरूच हाये. अर्धं तिकीट फाडा."

सगळी बस हसते. मी मान खाली घालून बसले आहे, कारण या वेळी मशीनकडं बोट दाखवता येणार नाही, हे मला कळलं आहे.

आणि मी नापास झाले. निकाल पाहून आले आणि जिन्यातच म्हणाले, "सर, माह्याच्यानं होत नाही." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. त्या एका शब्दाचा मला फार राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी आईसोबत दुसऱ्याच्या शेतात वेचणीला लागले. तुम्ही निरोप पाठवला नाही, कोणाजवळ विचारलं नाही. आई वेचता वेचता म्हणायची, "मास्तरले तुही आठवण तरी येते का नाही, काय माहीत." मी म्हणायची, "कायले येईन?"

बाराव्या दिवशी बाजार होता. तुमच्या क्लासखालून जाताना मी वर पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनच निघाले होते. खिडकीतून दिसणाऱ्या बाकीच्या मशीनवर खोळी होत्या. खिडकीतल्या चार नंबरवर खोळ नव्हती आणि तिला पांढरा कागद लावलेला होता. मी पिशवी आईच्या हातात दिली.

तुम्ही पेपर वाचत होतात. मान वर न करता म्हणालात, "बोटं दाखव." बोंडाच्या टोकांनी ती सोलून निघाली होती. तुम्ही फडताळातून खोबरेल तेलाची बाटली काढून दिलीत. "आज नुसती मधली ओळ," म्हणालात. मधली ओळ म्हणजे पहिल्या दिवसाचा धडा. टेबलावर एका बोल्टाखाली कागद होते, कोरे, सगळे एकाच जागी वळलेले. मी विचारलं, "हे खराब झाले का सर?"

"खराब कायले होतीन? वापराचे राह्यले."

मी मोजले. अकरा होते. तुम्ही सकाळी कागद लावत होतात आणि संध्याकाळी काढत होतात. मला वाटतं, तुमच्यापाशी आशा म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते तुम्ही तोंडानं कधी काढलं नाही. ते अकरा कागद तुम्ही मला वापरू दिले नाहीत. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी काकूंनी ते माझ्या हातात ठेवले. "तुह्या नावानं ठेवलते," म्हणाल्या. तोवर मी राळेगावला कचेरीत लागले होते.

चौथ्या वेळी मी पास झाले, आणि सांगायला आले नाही. काकूंना म्हणाले, गडबडीत राहून गेलं. ते खरं नव्हतं. तुमच्या क्लासात तेव्हा मी एकटीच उरले होते. मी पास झाल्यावर तुम्ही सकाळी कोणासाठी कुलूप उघडाल, हा प्रश्न तुमच्या तोंडावर मला पाहवला नसता. म्हणून मी दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले. ही गोष्ट मुलीलाही सांगितलेली नाही. तिला फक्त माझं पास होणं सांगत आले.

सोमवार, सकाळ. रात्री कोरा फॉर्म टेबलावर ठेवला होता, वर पेन. उठून पाहिलं तर तिनं आपलं नाव लिहिलेलं होतं. विषयाचा रकाना अजून रिकामा होता. मी दोघींचा चहा ठेवला आणि तिला हाक मारली नाही.