पटाच्या बैलांमागे उडालेली बाहुली

बा, काल भर पुरात मी सुनेला घेऊन पुलावरून ब्रह्मपुरीला गेले. तिला कळा सुरू झाल्या होत्या. पान लावून तोंडात टाकेपर्यंत गाडी पलीकडे पोचलीसुद्धा. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. सगळे पेढे वाटत होते आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरलं. मुलगा म्हणाला, "आता काऊन रडून राह्यली वो आई? सारं चांगलं झालं ना!" त्याला काय सांगू? त्यानं तुला म्हातारा, गप्प बसणारा आजा म्हणूनच पाहिलं.

माय अडली तो श्रावण होता, तेव्हा नदीवर पूल नव्हता. तू शेजाऱ्यांना हाताशी घेऊन तिची बाज नदीवर आणलीस. मी मागून तिचं पांघरूण धरून चालतेय. नावाडी पाण्याकडे बघतो आणि मान हलवतो. "भाऊ, डोंगा टाकला तं सारेच जाऊ. तिले नेऊ नाई शकत मी." तू त्याच्या पाया पडलास. कुणाच्या पुढे न वाकणारा माझा बाप चिखलात पडलेला मी तेव्हाच पाहिला. नावाड्याचीही चूक नव्हती, बिचारा आपल्याबरोबरच रडत होता. पलीकडचा काठ चांगला दिसत होता. माय त्याच्याकडेच बघत राहिली, आणि दिवस मावळायच्या आत गेली. पोटातलंही गेलं.

तू सुतार. आरमोरीपासून चामोर्शीपर्यंत पटाच्या बैलशर्यतीचे छकडे तुझ्या हातचे. लढाईच्या दिवसांत तू विमानांच्या मैदानावर कामाला होतास, तिथल्या मिस्त्रीनं तुला एका उडणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं होतं. डोक्यावर लांब पातं, ते इंजिन फिरवत नाही, वाराच फिरवतो. फक्त पुढून कुणीतरी जोरात ओढायला पाहिजे. मायच्या तेराव्यानंतर तू तेच घेऊन बसलास. लोक म्हणाले, सुताराचं डोकं फिरलं. मीही घाबरले होते. रागानं म्हणाले, "तू बी पडून मरशीन, मंग मी कोनाजवळ राहू?" तू रंधा खाली ठेवलास. "म्हनूनच पहिले लहान करतो, पोरी. लहान पडलं तं बाहुली मरते. मोठं पडलं तं मानूस."

बांबूचा सांगाडा, वर सायकलच्या चाकाचा मधला फिरता तुंबा, त्यावर सागाची पाती. पात्यांना मायचं हिरवं लुगडं फाडून लावलंस आणि वरून भाताच्या पेजेची खळ दिलीस. कापड वाळून पत्र्यासारखं ताठ झालं. मग बाहुली कोरलीस. मला वाटलं, हाकणारा असेल. पण ती आडवी होती, गुडघे थोडे वर, एक हात पोटावर. विचारायचं काय होतं त्यात?

पौषात शंकरपट भरला. आपल्या पाटलाच्या जोडीला तू दोरी बांधलीस. बैल सुटले, माणसं ओरडली, आणि तुझं यंत्र धुळीतून वर आलं. पातं गरगरतंय, मायचं लुगडं उन्हात हिरवंगार दिसतंय, आणि खाली बाहुली शांत झोपलेली. पटावरची माणसं बैल सोडून वर बघत होती. तू मला खांद्यावर घेतलंस, मी काही इतकी लहान नव्हते तरी. "पाह्यलं? नेलं का नाई तिले?" तुझा आवाज असा मी पुन्हा कधी ऐकला नाही.

मोठं यंत्र तू जेठापर्यंत उभं केलंस. त्यात एक माणूस बसणारा आणि एक निजणारा. पाटील बघायला आले, भोवती फिरले, खूप कौतुक केलं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पन भाऊ, पुरात सारा चिखल राह्यते. माहे बैल कुठी पयतीन?" त्याच वेळी आभाळातून चार थेंब आले आणि पात्यावरची खळ ओली होऊन मायच्या उरलेल्या लुगड्याचं कापड लोंबलं. पट हिवाळ्यात, पूर पावसाळ्यात. लहान यंत्र उडालं तेव्हा नदीत घोटाभर पाणी होतं. सारा गाव टाळ्या वाजवत होता, पण हे कुणाच्या मनात आलं नाही. तुझ्याही नाही. तू एवढंच म्हणालास, "हौ ना, भाऊ."

मग तू ते उकललंस. लुगड्याची खळ नदीवर धुऊन तुकडे माझ्याकडे दिलेस. बांबूंचा दोडक्याच्या वेलाला मांडव केलास. त्यानंतर तू खूप वर्षं जगलास, छकडे केलेस, माझं लग्न लावून दिलंस, पण पटाला गेला नाहीस. सगळे हळहळले, बा. मला मात्र बरं वाटलं होतं. माय तर गेलीच होती, निदान तू जमिनीवर राहणार होतास. तू किती मोडलास ते कळायला मला स्वतःला आई व्हावं लागलं.

लुगड्याचे तुकडे घालून शिवलेल्या गोधडीत आज तुझी पणती झोपली आहे. बाहुली माझ्या पेटीत असते, हा कागदही तिच्याखालीच ठेवते. तिला मी अजून मधूनमधून बाहेर काढून बसवून बघते. बसत नाही ती, कलंडते. तू तिला बसण्यासाठी कोरलीच नव्हतीस हे मला ठाऊक आहे. तरी बसवून बघते.