साठ दात्यांचं चाक आणि काशप्पाचे सतरा

भालकी,
मंगळवार

आदरणीय सिद्धेश्वरअण्णांना त्यांचा धाकटा साडू कल्लप्पा याचा शरणु शरणार्थी.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मल्लेश्वरीअक्कांनी साखर सोडली असं ऐकलं, आणि गुळाचा चहा सुरू केला असंही ऐकलं. डॉक्टरला दोन्ही सांगितलंय का ते कळवावं. तुमच्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या पार्वतम्मानं, शेंगाचटणीचा डबा कलबुर्गीच्या बसनं पाठवलाय. (डबा परत आला नाही तरी चालेल, असं मी म्हणतो. ती म्हणत नाही.)

पत्राला खास कारण काही नाही. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणता, आणि माझं सांगणं दोन मिनिटांत मावणारं नाही.

काशप्पा तुम्हाला माहीत आहेच. माझ्या वर्कशॉपच्या समोर, रस्त्यापलीकडं त्याचं वर्कशॉप. अकरा वर्षांमागं कोळारच्या एका बंद कारखान्यातून आम्ही दोघांनी मिळून एक जुना लेथ आणला होता; टेम्पोत मागं बसून, लेकरू धरावं तसा धरून. पुढं वेगळे झालो. लेथ माझ्याकडं राहिला आणि गिऱ्हाईक हळूहळू त्याच्याकडं गेलं. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याची पाटी माझ्या पाटीपेक्षा हातभर लांब आहे, त्याबद्दलही नाही. (मी मोजायला गेलो नव्हतो. समोर असली की दिसते.)

पण गुरुशांतप्पांचं काम म्हणजे गोष्ट वेगळी. त्यांची सात गुऱ्हाळं, सात ऊस पिळायचे चरक, आणि अकरा वर्षं सातही चरकांचे दाते मी पाडत आलो. या तालुक्यात माझी ओळख तेवढीच आहे, गुरुशांतप्पांचा मिस्त्री. यंदा हंगामाच्या तोंडाला त्यांनी एक चरक काशप्पाकडं दिला. चरकाचं मोठं चाक साठ दात्यांचं, ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याला फिरवणारं छोटं पिनियन झिजतं, तेवढं बदलायचं असतं. मी नेहमी पंधरा दात्यांचं बसवतो. काशप्पानं वेगळंच काहीतरी बसवलं, आणि तो चरक आवाजच करीना.

लोक मला रस्त्यात मुद्दाम थांबवून सांगू लागले, "कल्लप्पा, काशप्पाचा चरक बघितलास व्हय? काय गप चालायलाय गा!" पार्वतम्मा तिथनं काकवी घेऊन आली आणि म्हणाली, "लई गोड चालायलाय ओ त्यांचा." अण्णा, तीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाला ती गोड म्हणालेली नाही. मी जिलेबी आणली तरी पाक जास्त झालाय म्हणते.

शाळेत मी सातवीला टेकलो, हे तुमच्यासारख्या गणिताच्या मास्तरांपुढं काय लपवायचं. पण कान मला चांगले मिळालेत. उदगीरची बस वळणावर आली की गिअरच्या आवाजावरून आज ड्रायव्हर कोण ते मी आतून सांगतो. तेव्हा एका दुपारी गूळ घ्यायच्या निमित्तानं मी त्या गुऱ्हाळावर गेलो आणि चरकाकडं पाठ करून उभा राहिलो. डाव्या खिशात तुरीचे दाणे घेतले होते. मोठ्या चाकाची एक फेरी झाली की एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. (चाक थोडं कुरकुरतं एका जागी, त्यावरून फेरी कळते. बघायला लागत नाही.) दहा झाले, पंधरा झाले, काही नाही. सतराव्याला "टक्". अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. मला सनईसारखं ऐकू आलं. पुन्हा मोजलं, पुन्हा सतराव्यालाच. तिसऱ्यांदा मोजताना गुळव्या मला म्हणाला, "कल्लप्पा, खिशात विंचू हाय काय गा?"

पण मला हवं ते मिळालं होतं. माझ्या पंधराच्या पिनियनला दर फेरीला टक् होतो, कारण पंधरा चोक साठ. चाक एकदा फिरलं की तोच फुगीर दाता त्याच घासलेल्या दात्यासमोर येतो, रोज भांडणाऱ्या शेजाऱ्यासारखा, आणि जागा कुरतडत राहतो. सतरा मात्र साठात कुठंच नीट बसत नाहीत. त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दाता साठच्या साठ दात्यांना भेटून मगच जुन्या भांडणाकडं येतो. त्याला सतरा फेऱ्या लागतात. झीज सगळ्यांत वाटून जाते. म्हणजे काशप्पाच्या पिनियनला दाते सतरा! घरी येताना मला हसू आवरेना, आणि भाकरी मात्र एकच गेली.

आता मी काही काशप्पाची नक्कल करणारा माणूस नाही. सतरा पाडले असते तर गाव काय म्हणालं असतं? म्हणून मी डोकं चालवलं. आपल्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? बेडगु कोणता, कूळ कोणतं. दोन्ही घरांचा बेडगु एक निघाला की पोरगा-पोरगी भाऊबहीण झाले, चहा पिऊन उठायचं. मी चाकाला आणि पिनियनला तेच लावलं. साठ हा सम आकडा, त्याचा बेडगु दोनाचा. एकवीस विषम, सात त्रिक एकवीस, त्याचा बेडगु साताचा. बेडगु वेगळे, लावा लग्न! दोन दिवस खपून एकवीस दात्यांचं पिनियन केलं आणि गुरुशांतप्पांच्या दुसऱ्या चरकावर चढवलं. पायाचे बोल्ट सरकवून नीट बसवलं, वंगण घातलं, हात जोडले. सहा फेऱ्या मखमल. सातवीला टक्. चौदावीला टक्. गुरुशांतप्पा म्हणाले, "पयल्यापेक्षा बरं हाय कल्लप्पा. आधी दर फेरीला शिवी देत होता, आता सात फेऱ्यांनी देतोय."

घरी येऊन मी चाकाला, पिनियनला आणि काशप्पाच्या पाटीला नावं ठेवत बसलो. पार्वतम्मा तूर निवडत होती. चार तालुक्यांतल्या सोयरिकी तिनं जुळवल्यात, तुम्हाला माहीत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "माणसाला बेडगु एकच असतो ओ, बापाचा. आकड्याला आजोळाचेबी मोजावे लागतात. तुमच्या एकविसात तीन हाय न्हाई? साठातबी तीन हाय. भाऊबहिणीचं लगीन लावून बसलाव, बोंबलणारच की ते!" (ती आठवी पास आहे. तेवढं एक वर्ष ती मला तीस वर्षं ऐकवायलीय.)

मग आम्ही दोघांनी वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं एकपासून साठापर्यंत आकडे मांडले. साठाच्या घरात बेडगु तीनच, दोनाचा, तीनाचा आणि पाचाचा. त्यांचे भाऊबंद खोडत गेलो. दोनाचे खोडले, निम्मे गेले, तीस उरले. त्यांतले तीनाचे खोडले, तिसरा हिस्सा गेला, वीस उरले. त्यांतले पाचाचे खोडले, पाचवा हिस्सा गेला, सोळा उरले. तेवढेच साठाशी सोयरीक करू शकतात. तुम्ही यांना सहमूळ संख्या म्हणता असं पार्वतम्मा म्हणाली. यांत एकही येतो, पण एका दात्याचं पिनियन मी अजून पाहिलं नाही. तसं काही आमच्या अक्कम्मा आत्याच्या तोंडातच आहे. एकोणपन्नासही येतो, जरी तो स्वतः सातासातांचं एकत्र कुटुंब आहे. त्याचं साठाशी नातं नाही, मग बसेना का. आणि खडूचे आकडे बघता बघता मला एक गंमत दिसली. सात येतो तर त्रेपन्न येतो, अकरा येतो तर एकोणपन्नास, तेरा तर सत्तेचाळीस. जोडीची बेरीज दर वेळी साठ. सोळाच्या आठ जोड्या झाल्या. खाली बसून गुडघे पांढरे झाले, पण अण्णा, त्या दुपारी मला शाळा सोडल्याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

गुरुशांतप्पांनी दोघांना सांगून ठेवलं होतं की सोमवारी दोन्ही चरक शेजारी शेजारी चालवू, आणि साठाच्या चाकाला किती तऱ्हेची पिनियनं चालतात तेही सांगा. ऊस जाड असला की चरक सावकाश हवा, बारीक असला की जलद, म्हणून त्यांना निवड हवी. त्यावर सातही चरक कुणाचे ते ठरणार होतं. मी तेरा दात्यांचं करून नेलं. चाललं, देवघरात चालावं तसं. काशप्पाचं सतराचंही गपच. मग मी घसा साफ केला आणि "सोळा" म्हणणार, तोच काशप्पानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सोळाच्या सोळा आकडे वाचून दाखवले. वर, "आन् मालक, ह्यांच्या जोड्या पडतेत, बेरीज साठ." माझी जोडी! माझ्या गुडघ्यावरचा खडू अजून गेला नव्हता. गुरुशांतप्पा खूश झाले आणि मला म्हणाले, "तुला काय सांगायचं होतं?" मी म्हणालो, हेच. ते हसले. काशप्पाही हसला, पण चांगला हसला, म्हणून जास्त लागलं.

निकाल पुढच्या सोमवारवर गेलाय. नवा मोठा चरक येतोय, त्याचं चाक चौऱ्याऐंशी दात्यांचं. त्याला किती पिनियनं चालतील ते बरोबर सांगून जो पहिलं आणून बसवेल, सगळं काम त्याचं.

बाकी सर्व ठीक. अक्कांना आमच्या दोघांचा शरणार्थी सांगावा, गुडघ्याला तीळतेल लावत जावं.

आपला,
कल्लप्पा

ता. क. : काशप्पानं तो कागद गुरुशांतप्पांच्या हातात दिला तेव्हा मी त्यांच्या खांद्यावरून बघितला. अक्षर तुमचं होतं. आमच्या लग्नाची आहेराची यादी तुम्हीच लिहिली होती, ते अक्षर मी विसरणार नाही. त्यानं विचारलं असेल, तुम्ही मास्तर, सांगितलं असेल. मी काही म्हणत नाही.

आणखी ता. क. : चौऱ्याऐंशीचं उत्तर मला नको. दोन, तीन आणि सातांचे बेडगु. निम्मे केले बेचाळीस, तिसरा हिस्सा गेला अठ्ठावीस, सातवा गेला चोवीस. पार्वतम्मानं तपासलंय. पण काशप्पाला अजून येत नाही, आणि तो आज-उद्या तुम्हाला पत्र टाकणार हे मला पोस्टाच्या खिडकीपाशी ऐकू आलंय. त्याला चुकीचं सांगा असं मी कधीही म्हणणार नाही. फक्त उत्तर सोमवारनंतर पोचेल असं बघावं. तुमचा गुडघा दुखतोच आहे, पोस्टात जायला दोन दिवस लागले तर कोण काय म्हणणार?

शेवटची ता. क. : आणि मास्तरांच्या धर्मानं राहवलंच नाही तर लगेच पाठवा, काम गेलं तर गेलं. पण त्याच्या कागदावर सगळ्यात वरती "प्रिय काशप्पा" लिहिलंय. काल ट्रंक उघडून मी तुमची तीस वर्षांतली सगळी पत्रं काढून बघितली. नऊ आहेत. नऊच्या नऊ पत्रांवर नुसतं "कल्लप्पास".