एका नोंदीतल्या दोघी

७ नोव्हेंबर २००५, सोमवार

आले एकदाची कोल्हापुरात! मंगळवार पेठेत शालूबाईंच्या माडीवर खोली मिळाली. त्यांनी दारातच विचारून घेतलं, पावणं कुठलं, आणि मटण खातासा न्हवं? खाते म्हटल्यावर चेहरा असा खुलला की डिपॉझिटचं बोलणंच राहून गेलं.

ऑफिस दोन गल्ल्या पलीकडे, सायकलच्या दुकानावर. मालक विजयसिंह सर, मोना आणि मी, एवढाच पसारा. मोना इतकी मोठ्यानं बोलते की खालच्या दुकानदाराला रेडिओची गरज नाही. आम्ही जे सॉफ्टवेअर बनवतो त्याचं नाव 'एकत्र'. ईमेल, चॅट, मोबाईलचे मेसेज, पत्ते, वाढदिवस, टिपणं, सगळं एका पडद्यावर. माणसाच्या नावावर क्लिक केलं की त्याचं सगळं समोर हजर. माझं काम ते वापरून चुका काढायचं. दुसऱ्याच्या चुका काढण्यात मी लहानपणापासून हुशार आहे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. फोन नंबर आणि जन्मतारीख जुळली की दोन नोंदी एकाच माणसाच्या, असं 'एकत्र' समजतं. मी त्याला आमच्या वस्तीची यादी दिली. गगनबावड्याकडच्या आमच्या वस्तीत फोन एकच, केरबाच्या दुकानात. सगळे तोच पीपी नंबर म्हणून देतात. फोन आला की केरबा हाक मारतो. आणि जन्मतारीख म्हणाल तर शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची एक जून लावलेली. झालं! तानाबाई आणि हंबीरराव पैलवान यांचा मिळून एकच माणूस झाला.

सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, ह्यो जोडायचा भाग आयता आणल्याला, लिव्हणाऱ्यानं खेडं कधी बघितल्यालं न्हाय. मग त्यांनी एक चौकट घातली. जोडण्याआधी ते आता विचारतं: या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का?

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही नोकरी मी का धरली ते सरांना सांगितलेलं नाही. वहीला सांगते.

अक्षता माझी धाकटी बहीण. गेल्या डिसेंबरात ती इथंच कोल्हापुरात कॉलेजच्या होस्टेलवर होती, मी पुण्यात कोर्सला. दोघींत ईमेल एकच. एकीनं मसुद्यात लिहून ठेवायचं, दुसरीनं उघडून वाचायचं, अशी आमची रीत. सोमवारी तिनं मसुद्यात लिहिलं, ताई, पोटात दुखतंय, आईला सांगू नको, घाबरेल. बुधवारी चॅटवर निरोप ठेवला, ये ना. गुरुवारी माझ्या होस्टेलवर फोन केला, तो निरोप फळ्यावर खडूनं लिहिलेला होता. माझी परीक्षा चालू होती. तिन्ही निरोप मी रविवारी वाचले. अक्षता शनिवारी गेली. अपेंडिक्स फुटलं होतं.

तिन्ही एका ठिकाणी असते तर मी बुधवारीच एसटीत बसले असते. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

आज अक्षताची नोंद केली. तिचे मसुदे, चॅट, सगळं तिच्या नावाखाली आणायचं होतं. लगेच चौकट आली. ईमेल तोच, पीपी नंबर तोच, एक जूनही तीच. सालसुद्धा तेच, कारण ती माझ्या मागं मागं शाळेत आली आणि गुरुजींनी दोघींना एकाच दिवशी पटावर घेतलं. एकाच व्यक्तीच्या आहेत का?

'नाही' म्हटलं की सगळी पत्रं माझ्याकडे येणार आणि तिची नोंद रिकामी राहणार. रिकामी अक्षता मला परत बघवली नसती. मी 'हो' म्हटलं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सरांना पाठवलेल्या ईमेलखाली 'अक्षता' अशी सही गेली. चूक म्हणून वहीत टिपून घेतली. पण खरं सांगते, ते नाव बघून बरं वाटलं. दिवसभर दुरुस्त केलं नाही.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मोनानं आज मला अक्षता म्हणून हाक मारली. सही बघून म्हणत असेल म्हणून सांगितलं, अगं मी दीप्ती. ती हसली. म्हणाली, सकाळ सकाळ चेष्टा व्हय?

शालूबाईंनीही अक्षता म्हणूनच हाक मारली. त्यांनी तर कॉम्प्युटर कधी बघितलेलाही नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

केरबाच्या दुकानातून आईचा फोन आला. वर्षभरात तिचा आवाज एवढा मोकळा ऐकला नव्हता. अक्षे, जेवलीस काय, असं तिनं विचारलं. मग आवाज बसला. म्हणाली, पुढल्या आठवड्यात दीप्ताला जाऊन वरीस हुतंय, पुण्यानुमोदन हाय, भन्तेजींना सांगितलंय, रजा काढून ये.

दीप्ता म्हणजे मी. माझं पुण्यानुमोदन. मी फोन ठेवला. रिसीव्हर दोनदा खाली पडला.

२ डिसेंबर, शुक्रवार

बॅगेतून गुणपत्रक काढलं. त्यावर अक्षता. ओळखपत्रावर अक्षता, फोटो माझा.

आणि मसुदे बदललेत. अक्षे, पोटात दुखतंय, आईला सांगू नको. ये ना. खाली नाव माझं. म्हणजे आता उशीर तिनं केला. मी गेले ती तिच्यामुळे.

नाही. हे मी तिच्या डोक्यावर देणार नाही. तिनं काही केलेलं नाही. उशीर माझा होता, माझा —

५ डिसेंबर, सोमवार

सरांना विचारलं, जोडलेलं वेगळं कसं करायचं. म्हणाले, बटण हाय की, पण ईमेल अन् नंबर एकालाच मिळणार, दुसरी नोंद पुसली जाणार.

एकीलाच ठेवायचं.

बटणावर दोनदा बोट नेलं. आईचा तो मोकळा आवाज —

७ डिसेंबर

गावी गेले नाही. कसं जाणार? माझ्याच फोटोला हार घालायला?

लहानपणी आमच्या परड्यात काय होतं आठवत नाही. अक्षताला आठवायचं. आता मला तिचं आठवतं, माझं नाही. शेवग्याचं झाड, ती फांदी, ताईनं मला खांद्यावर — मला? मी ताई आहे. मी दीप्ती. दीप्ती. दीप्ती.

१२ डिसेंबर, सोमवार

आई आली आहे. मी गेले नाही म्हणून तीच आली. ऑफिसात माझ्या शेजारी बसली आहे. लिहिते आहे कारण लिहिलं नाही तर —

ती माझ्यासाठी रडली. दीप्तासाठी. म्हणाली, थोरली म्हणून तिला कधी मांडीवर घेतलं न्हाय, सारखं कामाला लावलं, आन् किती जीव हाय त्ये सांगायचंच ऱ्हायलं. हे मला हवं होतं. जन्मभर. आणि ती ते मला सांगते आहे अक्षता समजून.

चौकट समोर आहे. कुणाला ठेवायचं? मी ठरवलंय. दोष माझा, मी परत घेणार. 'दीप्ती' वर बोट —

आईनं विचारलं, ह्ये काय इचारतंय? मी सांगितलं, दोघींतली एकच ठेवता येते. तिनं माझा हात धरला. गार हात. म्हणाली, जी हाय तिला ठेव की, बाळा. जी गेली ती मला हितं हाय, काळजात. पर तू मला सोडून जाऊ नगं.

मग तिनं हाक मारली. अक्षे.

इतक्या मायेनं मला कुणी कधी हाक मारली नव्हती. मी ओ दिली. तोंडातून गेली आपोआप, ओ आई, आणि बोट 'अक्षता' वर —

ताई, मी