गॅसबत्तीच्या पंपाची कॉफी

मुरूम, ता. १२ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप विरुपाक्षमामांस,
शिवलिंगचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

इकडे सर्व क्षेम. तुमचा गुडघा कसा आहे? तो हुबळीतही दुखतो, की बहिणीकडे यायचं म्हटलं तरच, असं अव्वा विचारते. (प्रश्न तिचा; मी नुसता लेखनिक.)

पत्रास कारण तुमचं इटालियन कॉफीयंत्र. दिवाळीत ते माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणालात, शाळेत शास्त्र शिकवतोस ना, मग यातून पिण्यासारखी कॉफी काढून दाखव, नाहीतर संक्रांतीनंतर यंत्र परत नेतो. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. आधी वाटलं, दोष कॉफीच्या पुडीत असेल. मग कळलं, कॉफीतून पाणी दाबून काढायला वाफेचा जोर लागतो, जोरासाठी पाणी जादा तापवावं लागतं, आणि तेच पाणी कॉफी करपवतं. म्हणजे जोर आणि आच यांची फारकत करायला हवी! हे सुचलं तेव्हा मी वर्गात होतो आणि मुलांना बेडूक शिकवत होतो. (बेडूक अर्धाच राहिला.)

घरी येऊन गॅसबत्ती उघडली. तिला हवा भरायचा पंप आहे, हवेचा जोर दाखवणारा काटाही आहे. दोन्ही काढून यंत्राच्या झाकणाला बसवले. पहिला कप अप्पांना दिला. पंपाचा चामडी वायसर जन्मभर रॉकेलात भिजलेला, हे मी विसरलो होतो. अप्पांनी एक घोट घेतला आणि आजवर चिलमीला शिवलो नाही याबद्दल देवाचे आभार मानले. वायसर सोड्यात उकळला, वास गेला. मग काटा एका खुणेवर ठेवला, तर नुसतं काळं पाणी, दोनवर कडू. तीनवर काय होतं ते पाहावं म्हणून पंप मारत राहिलो, तर कॉफीची चाळणी मुठीसकट सुटली आणि सगळा चोथा अप्पांच्या परीटघडीच्या धोतरावर.

अप्पा एवढंच म्हणाले, "हे घर हाय, ठेसन न्हाय. इंजन चालवायचं तर तिकडं जा."

पण मामा, काल काटा दीड खुणेवर धरला आणि वर सोनेरी फेस आला! अव्वानं दोन कप घेतले. मी आनंदानं शेजारच्या बंडप्पाला मिठी मारली, तो कशासाठी आला होता हे न विचारताच. यंत्र आता परत मागू नका.

आपला भाचा,
शिवलिंग

ता. क. खरं म्हणजे मला नुसतं यंत्र नको आहे. दिवाळीत शिवम्मा अव्वाला म्हणाली होती, "चहाच्या घरात म्या न्हाय नांदायची." तुमची लेक कुठल्या घराबद्दल बोलत होती, हे विचारायचं धाडस मला तेव्हा झालं नाही. आता झालं आहे. अव्वा-अप्पांची संमती आहे. तुमची असेल तर सुपारी फोडायला या.

ता. क. दुसरा : दिवसाउजेडी या. घरात गॅसबत्ती एकच होती.

ता. क. तिसरा : वास गेला असं वर लिहिलं आहे, तो बराचसा गेला आहे. शिवम्माला हे सुपारी फुटल्यावर सांगावं.