एका गाण्याची जागा

सर, आपल्या शेजारच्या मालेगावच्या आजी काल गेल्या. रोज दुपारी गाण्याची फर्माईश सांगायला फोन करायच्या, त्याच. तुम्ही असतात तर पायात चपला सरकवून थेट मयतीला निघाला असतात, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

आपलं रेडिओ स्टेशन सुरू झालं तेव्हा वाशिमात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. कापडदुकानावरच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गोधड्या. मला, भाजीवाल्याच्या पोरीला, तुम्ही माईकसमोर बसवलंत आणि पहिल्याच दिवशी झापलंत, "पुस्तकावानी कायले बोलून राह्यली? घरच्यासारखी बोल ना." मी रडले. तुम्ही चहा मागवलात, समजूत काही काढली नाहीत. तो तुमचा स्वभावच नव्हता.

आजी तेव्हा आजोबांसाठी गाणं मागायच्या. रोज तेच. आजोबा अंथरुणाला खिळलेले. एक दिवस फोन आला, "आज गानं नोको लावू बाई. बुढा गेला." मी दुसरं गाणं लावायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात आणि सगळंच बंद केलंत. शेजारी कुणी गेलं तर आपण घरातला रेडिओ बंद करतो, मग रेडिओवाल्यानं काय करावं, हा तुमचा हिशेब. ते गाणं संपेल एवढा वेळ स्टेशन मुकं. लोकांना वाटलं, लाईट गेली. जाहिरातवाले भांडायला आले. तुम्ही म्हणालात, "ते त्याच्या गान्याची जागा हाये. दुसऱ्याले कशी देऊ?" मग रीतच पडली. फर्माईश करणारं कुणी गेलं की त्याच्या गाण्याची जागा रिकामी. काही दिवस उलटल्यावर आजींचा फोन पुन्हा सुरू झाला. गाणं तेच, आता स्वतःसाठी.

आता स्टेशन नागपूरवाल्यांनी घेतलंय. आवाज जरा थांबला की कॉम्प्युटर आपणहून जाहिरात सोडतो. सकाळी मी नागपूरच्या साहेबांना फोन करून आजींची जागा रिकामी ठेवू का, विचारलं. "मॅडम, गाण्याच्या स्टेशनवर शांतता कशी चालेल? असलं काही केलंत तर घरी बसावं लागेल." माझं डोकंच फिरलं. आजींच्या वाट्याला सिमेंटची जाहिरात येणार होती.

दुपारी त्यांची वेळ झाली. मी गाणी थांबवली, खिडकी सताड उघडली, माईक रस्त्याकडे वळवला आणि मांडीवर हात ठेवून बसले. खाली बस वळली. मेथीवाला ओरडला. कुणीतरी मोटारसायकलला किक मारत राहिला, ती काही सुरू होईना. कॉम्प्युटरला आवाज मिळत होता, तो गप्प राहिला. तेवढ्यात पोहरादेवीहून एका बाईचा फोन आला. बंद पडलं का, असं काही तिनं विचारलं नाही. "कोन गेलं, बाई?" एवढंच.

सर, तुम्ही गेलात तेव्हा लॉकडाऊनमध्ये गाव बंद होतं, स्टेशनला कुलूप होतं. तुमची जागा रिकामी ठेवायची तेवढी राहूनच गेली. उद्या नागपूरचा फोन येईल. आजींसाठी केलं, असं सांगेन, मग नोकरीचं व्हायचं ते होवो. पण त्यातला अर्धा वेळ मी तुमच्यासाठी धरला होता. आजींना न विचारता.